नात्याचा रकाना

बोटीच्या मागच्या अंगावर गावाचं नाव रंगवलेलं असतं:
पनामा.
रोहिदास सांगतो, त्या गावाला बोट कधी लागलीच नव्हती.
मालक भलतीकडचा, कप्तान आणखी कुठला,
कोठीतला तांदूळ काकीनाड्याचा.
झेंडा तेवढा तिथला. चार चौकटी, दोन चांदण्या.
आणि झेंडा ज्याचा, बोटीवर कायदा त्याचा.

म्हणून मी, विजयदुर्गच्या बर्फ कारखान्यातला कारकून,
लाद्यांचा हिशेब मिटवून
रात्री मोबाईलवर पनामाचा कायदा वाचत बसतो.
स्पॅनिश येत नाही. यंत्र जे मराठी करून देतं
ते लादीसारखं, धरावं तिथे निसटतं.
तरी एवढं हाताला लागलं:
दोन हजार आठपर्यंत आमच्यासारखं असणं गुन्हा होता,
मग तो पुसला.
तेवीस साली मोठं कोर्ट म्हणालं,
लग्नाचा हक्क मात्र नाही.
त्याच साली आपलं मोठं कोर्टही जवळपास हेच म्हणालं.
(‘आपलं’ लिहिताना पेन जरा अडतं.)
म्हणजे तो बोटीवर असो की ह्या जेटीवर,
पाणी तेवढंच खारं.

गेल्या खेपेला कालवा ओलांडून
ते लिमोनला केळी भरायला लागले.
तिथून फोन. इकडे पहाटेचे चार,
ट्रॉलरवाले बर्फासाठी ओरडत होते.
"अरे, हय चालता."
"काय चालता?"
"लगीन. वीस सालच्या मे म्हयन्यात, रात्री बाराच्या ठोक्याक सुरू झाला.
पनामा थयसर, ह्या हयसर. मधी नुसती हद्द."

मी समोर बघितलं. खाडी.
ह्या काठाला सिंधुदुर्ग,
पलीकडे मुसाकाजी, जिल्हा रत्नागिरी.
बांगडा भरतीबरोबर आत येतो, ओहोटीला बाहेर जातो,
त्याला कोणी तालुका विचारत नाही.
मेलेला माणूस तरीतून आणायचा झाला
तर मात्र विचारतात, दाखला कुठला,
आणि तुम्ही त्याचे कोण.

चार तासांच्या सुट्टीत त्याने
तिथल्या एका कचेरीचा फोटो काढून पाठवला.
पिवळी भिंत, दाराला कुलूप.
रविवार होता.

नंतर कंपनीचा फॉर्म आला.
मला काही झालं तर पैसे कोणाला द्यावेत.
नाव त्याने माझं घातलं होतं,
नात्यासमोर लिहिलं होतं, मित्र.
फॉर्म परत आला. शेरा:
मित्र हे नाते नाही. रकाना भरून पाठवावा.

तेरा वर्षं.
त्याचा गॅस सिलिंडर माझ्या नावावर,
माझ्या बापाच्या तिरडीला त्याचा खांदा,
तो येतो त्या महिन्यात कारखान्याची पोरं
माझी रात्रपाळी न सांगता वाटून घेतात.
ह्यातलं काय लिहू त्या दीड इंचात?

फॉर्म बर्फाच्या वहीखाली आठ दिवस पडला, ओल धरली.
नवव्या दिवशी जयूकाकी आली, त्याची आई,
टोपलीत अर्धी लादी घ्यायला.
सही करता येते, वाचता येत नाही.
तरी कागद तिने वहीखालून बरोब्बर ओढला.
"ह्यो त्याचोच मां?"
मी शेरा वाचून दाखवला.
ती बर्फावर भुसा दाबत राहिली.
"माझा नाव घाल. पैशे इले तर हयच आणून दितलंय.
कायद्याक काय सांगूचा नाय."
मग टोपली उचलता उचलता,
"रडाक तरी आपण दोघाच."

तिचं वय एकाहत्तर. हे आम्ही दोघांनीही काढलं नाही.

मी नवा फॉर्म घेतला.
नाव: जयवंती कुबल.
नाते: आई.
तिने सही केली, ज-वरची रेघ लांबवत.
बाकी सगळ्या रकान्यांत
अक्षर माझं आहे.